सिक्लिड माशांची नाजूक पिल्ले: मिश्र टाकीत सोडण्यापूर्वीचे सहा आठवडे

चिलापी या माशाची मराठवाड्यात वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. उजनी असो वा नाथसागर, जाळ्यात चिलापी येतेच. मूळचा आफ्रिकेतील हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि कुठल्याही पाण्यात टिकून राहिला. काचेच्या टाकीत दिसणारे एंजल, डिस्कस, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न हे मासे चिलापीच्याच म्हणजे सिक्लिड कुळातील आहेत. मात्र चिलापीचा चिवटपणा एंजलच्या नाण्याएवढ्या पिल्लाकडून अपेक्षित धरला, तर नुकसान ठरलेले असते.

कन्नड तालुक्यातील पिशोर परिसरात अद्रक, मका आणि कापूस ही मुख्य पिके आहेत. घरात हौसेने टाकी ठेवणारे आणि परसात लहान प्रमाणावर शोभिवंत मासे वाढवून विकू पाहणारे, अशा दोघांसाठी ही माहिती आहे. दोघांचीही अडचण एकच असते. दुकानातून आणलेली पिल्ले पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. त्यातली बहुतेक पिल्ले औषधाने बरा होणाऱ्या रोगाने मरत नाहीत. खराब पाणी, उपासमार, थंडी आणि मोठ्या माशांचा त्रास ही त्यामागची चार कारणे आहेत. म्हणून औषधांवर खर्च करण्याआधी पिल्लांना वेगळ्या टाकीत किमान सहा आठवडे वाढवावे आणि मगच मिश्र टाकीत सोडावे.

सिक्लिड कुळातील प्रमुख जाती

* एंजल: मूळ दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातील. चपटे, उंच शरीर व लांब पर. मिश्र टाकीत सर्वाधिक पाळली जाणारी सिक्लिड.
* डिस्कस: हीदेखील ॲमेझॉन खोऱ्यातील. मृदू आणि २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लागते. पिल्ले सुरुवातीला आई-वडिलांच्या अंगावरील चिकट स्राव खाऊन जगतात. नवशिक्यांनी घेऊ नये.
* रॅम: लहान व रंगीत, पण मृदू आणि उबदार पाण्याची जात. कठीण पाण्यात टिकवणे अवघड.
* मलावी सिक्लिड: आफ्रिकेतील मलावी सरोवरातील जाती, उदा. इलेक्ट्रिक यलो. कठीण व अल्कधर्मी पाणी मानवते. मादी अंडी व पिल्ले सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळते.
* ऑरेंज क्रोमाइड: भारत व श्रीलंकेतील देशी सिक्लिड. गोव्यात काळुंदर म्हणून खाल्ला जाणारा मासाही याच देशी गटातील.
* ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न: दुकानात पिल्ले गोंडस दिसतात. मोठे झाल्यावर तोंडात मावेल तो मासा खातात. मिश्र टाकीसाठी पूर्णपणे अयोग्य.

पुढील सर्व माहिती मुख्यतः एंजलच्या पिल्लांसाठी आहे. इतर जातींबाबत फरक असेल तेथे तसे सांगितले आहे.

आपल्या पाण्याला मानवेल ती जात निवडा

पिशोर परिसरातील जमीन बेसाल्ट खडकाची आहे. अशा खडकातील विहिरी व बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटचे क्षार असतात. त्यामुळे पाणी सहसा कठीण असते आणि सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान राहतो. पाणी मृदू करण्यासाठी रसायने टाकू नयेत. त्यातील बायकार्बोनेट सामू पुन्हा वर ओढतो आणि दिवसातून दोनदा सामू बदलला की पिल्ले खचतात. सामू थोडा जास्त असला तरी चालतो, पण तो स्थिर असावा लागतो.

एंजल मूळची मृदू पाण्याची असली, तरी बाजारात मिळणारी पिल्ले अनेक पिढ्या हौदात व टाक्यांत पैदास झालेली असतात. ती ७ ते ८ सामूच्या पाण्यात चांगली वाढतात. मलावी सिक्लिडना तर असेच पाणी हवे असते. मात्र मलावी जाती आपापला परिसर राखण्यासाठी भांडतात, म्हणून त्या एंजलसोबत ठेवू नयेत. त्यांची टाकी वेगळी असावी.

मासे आणण्यापूर्वी पाणी एकदा तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत सामू, कठीणपणा व नायट्रेट यांची तपासणी होते. अद्रक व मक्याला भरपूर खते दिली जातात, त्यामुळे शेतातील विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त असू शकते. पावसाळ्यात विहिरीचे पाणी पातळ व गढूळ होते, उन्हाळ्यात क्षार वाढतात. त्यामुळे वर्षातून दोनदा तपासणी करणे योग्य ठरते.

वापरण्यापूर्वी पाणी मुरवणे

* बोअरचे ताजे पाणी थेट टाकीत ओतू नये. त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी व कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. ड्रममध्ये भरून २४ तास हवा सोडावी.
* ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. क्लोरीन पिल्लांच्या कल्ल्यांना जाळतो. हे पाणी उघड्या ड्रममध्ये हवा सोडून २४ ते ४८ तास ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक लेबलवरील प्रमाणात वापरावे.
* टँकरचे पाणी कोठून भरले हे दर वेळी वेगळे असू शकते. शक्यतो टाळावे.
* माशांसाठीची बादली, मग व नळी वेगळी ठेवावी. फवारणीसाठी एकदाही वापरलेली बादली कितीही धुतली तरी घेऊ नये. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड कीटकनाशके माशांसाठी अतिशय विषारी असून अत्यल्प मात्राही घातक ठरते.
* फवारणी करून आलेल्या व्यक्तीने त्या दिवशी टाकीत हात घालू नये. टाकीच्या खोलीत डासांची अगरबत्ती किंवा धूरही नको. एअर पंप खोलीतील हवा ओढून थेट पाण्यात सोडतो.

पिल्ले का दगावतात?

१. अमोनिया. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्याचा विषारी भाग किती हे सामूवर ठरते. पाण्याचे तापमान २५ अंश असताना सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी फक्त सुमारे ०.६ टक्के भाग विषारी असतो. सामू ८ असेल, तर हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाते. म्हणजेच तेवढ्याच घाणीचा त्रास आपल्या कठीण पाण्यात सुमारे नऊपट होतो. दुसऱ्या गावच्या मित्राच्या टाकीत जेवढे मासे जगतात, तेवढे आपल्याकडे जगतीलच असे नाही, ते यामुळे. सामू ८ च्या पाण्यात तपासणी संचावर ०.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर एवढा रंग दिसला, तरी लगेच पाणी बदलावे.

२. उपासमार. मोठा एंजल आठवडाभर उपाशी राहू शकतो. पिल्लाच्या शरीरात तेवढा साठा नसतो. मिश्र टाकीत दिवसातून एकदा खाद्य पडते आणि ते मॉली, बार्बसारखे चपळ मासे पिल्लाला काही मिळण्याआधीच संपवतात. पिल्लाचे पोट आत जाते, डोके मोठे दिसू लागते आणि ते दहा-पंधरा दिवसांत मरते. बाहेरून हे ‘अचानक मेले’ असे वाटते.

३. थंडी. एंजलच्या पिल्लांना २६ ते २९ अंश तापमान हवे. पाणी २० अंशांच्या आसपास गेले की पचन मंदावते, पर मिटतात आणि रोग लागतो. डिसेंबर-जानेवारीत कन्नडकडील थंड रात्रींत उघड्या खोलीतील टाकी सहज तेवढी थंड होते.

४. त्रास देणारे सोबती. लांब पर हे एंजलचे सौंदर्य आहे आणि तेच तिचे दुखणे आहे. टायगर बार्बसारखे मासे हे पर कुरतडतात. जखमेवर बुरशी व जिवाणू वाढतात.

संगोपन टाकीची तयारी

संगोपन टाकी साधी असावी. शोभेचे खडे, किल्ले, बाहुल्या यांची येथे गरज नाही. खडे नसले म्हणजे तळ रोज साफ करता येतो.

* आकार: ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच. एवढ्या टाकीत काठोकाठ सुमारे १२७ लिटर पाणी मावते. वरची जागा सोडून १०० ते ११० लिटर धरावे. एंजलचे शरीर उंच वाढत असल्याने दीड फुटापेक्षा कमी उंची नको.
* पिल्लांची संख्या: २ सें.मी. शरीराच्या पिल्लांसाठी दर ४ ते ५ लिटरला एक. म्हणजे १०० लिटरमध्ये २० ते २५ पिल्ले. पिल्ले वाढतील तशी संख्या कमी करावी.
* गाळणी: हवेवर चालणारा स्पंज फिल्टर सर्वांत उत्तम. त्यात पिल्ले ओढली जात नाहीत आणि स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढतात.
* हीटर: साधारण दर लिटरला १ वॅट. १०० लिटरसाठी १०० वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा. शेजारी वेगळा तापमापक लावावा, हीटरवरील आकड्यावर विसंबू नये.
* झाकण: पिल्ले उडी मारू शकतात आणि मांजर, पाल यांपासूनही बचाव होतो.
* जागा: थेट उन्हापासून दूर, ये-जा कमी असलेल्या भिंतीलगत. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, त्यामुळे स्टँड भक्कम हवा.

स्पंजमध्ये उपयुक्त जिवाणूंची पुरेशी वाढ व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. या काळात मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार झाली असे समजावे. ओळखीच्या व्यक्तीकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्यातील वापरता स्पंज आणल्यास हा काळ बराच कमी होतो. तयार टाकीतील स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

पिल्लांची निवड व वाहतूक

पिल्ले घेताना स्वस्ताईपेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात:

* पर उघडलेले, हालचाल सावध, काचेजवळ बोट नेल्यावर खाद्यासाठी पुढे येणारी पिल्ले घ्यावीत.
* दुकानदाराला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगावे. खात नसलेले पिल्लू घेऊ नये.
* कल्ल्यांवरील झाकण आखूड, पोटाखालचे लांब पर वाकडे किंवा पाठ मुरडलेली असेल तर ती पिल्ले टाळावीत. हे दोष पुढे सुधारत नाहीत.
* ज्या टाकीत एकही मेलेला मासा आहे, त्या टाकीतील कोणतेही पिल्लू घेऊ नये.
* माल दुकानात आजच उतरला असेल, तर आठवडाभर थांबून मग घ्यावा. आपल्याकडील दुकानांत येणारी बरीच पिल्ले कोलकाता किंवा चेन्नईहून लांबचा प्रवास करून आलेली असतात.

छत्रपती संभाजीनगरहून पिशोरला आणताना पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग ऑक्सिजन असावा. पिशवी थर्मोकोलच्या डब्यात, अंधारात ठेवावी. दुचाकीच्या हँडलला उघडी पिशवी लटकवून आणू नये. उन्हाळ्यात सकाळीच निघावे.

घरी आल्यावर पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी. नंतर उघडून दर पाच-सात मिनिटांनी टाकीतील एक कप पाणी पिशवीत घालावे. अर्ध्या-पाऊण तासात जाळीने पिल्ले उचलून टाकीत सोडावीत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. पिशवी पाच-सहा तासांहून अधिक काळ बंद असेल, तर मात्र उघडल्यावर वेळ घालवू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू खाली गेलेला असतो. पिशवी उघडताच तो वर चढू लागतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. अशा वेळी फक्त तापमान जुळवून पिल्ले लगेच स्वच्छ पाण्यात सोडावीत.

पहिल्या दिवशी दिवा बंद ठेवावा व खाद्य देऊ नये. दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे द्यावे.

खाद्य व्यवस्थापन

पिल्लांना थोडे व वारंवार खाद्य लागते. दिवसातून ४ वेळा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. शेतावर जाण्यापूर्वी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी आल्यावर आणि दिवा बंद करण्याच्या एक तास आधी, अशी वेळ बसवता येते. घरातील एकाच व्यक्तीकडे हे काम द्यावे. दोघांनी दिले की दुप्पट पडते आणि पाणी नासते.

* कोरडे खाद्य: ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले बारीक दाण्याचे. दाणा पिल्लाच्या डोळ्यापेक्षा मोठा नसावा.
* जिवंत खाद्य: पाणपिसवा अर्थात डॅफ्निया उत्तम. स्वच्छ पाण्यातील डासांच्या अळ्याही पिल्ले आवडीने खातात, मात्र मोजून द्याव्यात, उरल्या तर घरात डास होतात.
* ट्युबिफेक्स किडे: हे गटारातील गाळात वाढतात व रोग आणतात. पिल्लांना देऊ नयेत.
* घरगुती पर्याय: बिनमिठाचा सुका जवळा स्वच्छ धुऊन, भिजवून, बारीक वाटून आठवड्यातून दोनदा. उरलेले लगेच काढावे.
* मलावी सिक्लिडमधील अनेक जाती शेवाळ खाणाऱ्या आहेत. त्यांना वनस्पतिजन्य खाद्य द्यावे. जास्त प्रथिनांनी त्यांचे पोट फुगते.

स्वतःच्या जोडीपासून पैदास घेणार असाल, तर २८ अंशाला एंजलची अंडी दोन ते अडीच दिवसांत फुटतात. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. त्याच दिवसापासून त्यांना नुकतीच उबलेली आर्टेमिया लागते. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे मीठ विरघळवून, २८ अंशाला, उजेडात व जोरदार हवेवर आर्टेमियाची अंडी ठेवल्यास साधारण २४ तासांत उबतात. ती गाळून, गोड्या पाण्याने धुऊन काही तासांतच द्यावी, कारण वेळ जाईल तसे तिच्यातील पोषण घटत जाते.

रोजचे व आठवड्याचे काम

* रोज सकाळी: तापमान पाहणे, पिल्ले मोजणे, मेलेले पिल्लू लगेच काढणे, तळातील घाण नळीने ओढून घेणे.
* दर तिसऱ्या दिवशी: २५ ते ३० टक्के पाणी बदलणे. नव्या व जुन्या पाण्याच्या तापमानात २ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा.
* आठवड्यातून एकदा: अमोनिया, नायट्राइट व सामू तपासून वहीत लिहिणे, काचा पुसणे.
* पंधरा दिवसांतून एकदा: प्रतवारी. एकाच वयाच्या पिल्लांतही काही झपाट्याने वाढतात व लहानांना खाद्यापासून हुसकावतात. मोठी पिल्ले वेगळ्या टाकीत काढली की मागे राहिलेली पिल्लेही वेग धरतात.

ऋतूनुसार काळजी

पावसाळा. पिल्ले आणण्यास जुलै ते सप्टेंबर हा काळ सर्वांत सोयीचा. पाण्याचे तापमान आपोआप २५ ते २८ अंशांच्या जवळ राहते, प्रवासात उन्हाचा ताण नसतो आणि थंडी येईपर्यंत पिल्ले जोमदार होतात. मात्र याच काळात वीज वारंवार जाते. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. तो नसेल, तर दर अर्ध्या तासाने टाकीतील पाणी मगाने उचलून उंचावरून ओतावे. वीज नसताना खाद्य देऊ नये.

हिवाळा. टाकीच्या मागे व बाजूंना थर्मोकोल लावावे. वीज गेल्यावर वरून गोणपाट किंवा जुनी गोधडी टाकावी, हवा जाण्यास थोडी फट ठेवावी. १०० वॅटचा हीटर एकूण १० तास चालल्यास १ युनिट वीज लागते. हा खर्च हिशोबात धरावा.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. २० अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मि.ग्रॅ. ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच मावतो. पाणी ३२ अंशांवर गेल्यास हवा वाढवावी, खाद्य निम्मे करावे, झाकणाऐवजी जाळी लावून पंखा सोडावा. बर्फ थेट टाकीत टाकू नये. बंद बाटलीत पाणी गोठवून ती तरंगत ठेवावी.

मिश्र टाकीत केव्हा व कसे सोडावे?

पिल्ले आणून सहा आठवडे झाले असावेत, शेपूट सोडून शरीर ४ सें.मी. झालेले असावे आणि शेवटचे तीन आठवडे एकही मरतूक नसावी. या तिन्ही अटी पूर्ण झाल्यावरच सोडावे.

योग्य सोबती:

* मॉली, प्लेटी, स्वोर्डटेल: कठीण पाण्यात आनंदाने राहतात. पिशोरसारख्या पाण्यासाठी सर्वांत योग्य.
* कोरीडोरास: तळाशी राहणारे, शांत.

टाळावयाचे सोबती:

* टायगर बार्ब, सर्पे टेट्रा: पर कुरतडतात.
* निऑन टेट्रा, गप्पी: एंजल मोठे झाले की त्यांचे भक्ष्य ठरतात.
* गोल्डफिश: थंड पाण्याचा मासा, घाणही जास्त करतो.
* सकर मासा: टाकी साफ करतो म्हणून घेतला जातो, पण रात्री एंजलच्या चपट्या अंगावरील चिकट स्राव चाटतो व जखमा करतो.
* ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, मलावी सिक्लिड.

सोडण्याची वेळ संध्याकाळची, दिवा बंद केल्यानंतरची ठेवावी. त्याआधी टाकीतील जुन्या माशांना पोटभर खाऊ घालावे आणि दगड, झाडे यांची जागा बदलावी. त्यामुळे जुन्या माशांनी आखून घेतलेल्या हद्दी मोडतात. पिल्ले एक-एक न सोडता पाच-सहा एकदम सोडावीत, म्हणजे एकाच पिल्लावर रोख राहत नाही. पुढे आठ-दहा महिन्यांनी त्यांच्या जोड्या जमतात. जमलेली जोडी इतरांना कोपऱ्यात दाबते, तेव्हा तिला वेगळे करावे.

आजाराची लक्षणे व पहिला उपाय

कोणतेही लक्षण दिसले तर प्रथम ३० टक्के पाणी बदलावे, अमोनिया तपासावा व तापमान पाहावे. त्यानंतरच औषधाचा विचार करावा.

* पृष्ठभागावर येऊन धापा टाकणे: ऑक्सिजनची कमतरता किंवा अमोनिया. हवा वाढवावी, पाणी बदलावे.
* अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके: पांढरे ठिपके रोग. संगोपन टाकीत तापमान हळूहळू ३० अंशांवर न्यावे व लिटरला २ ग्रॅम जाडे मीठ विरघळवून दोन टप्प्यांत घालावे. ठिपके गेल्यानंतरही एक आठवडा हे चालू ठेवावे. जिवंत झाडे व कोरीडोरास असलेल्या टाकीत मीठ घालू नये.
* पर मिटलेले, कोपऱ्यात उभे राहणे: थंडी किंवा खराब पाणी.
* पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा व खाणे बंद: पोटातील परजीवी. पिल्लू वेगळे करून मत्स्यतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

माणसांसाठीची किंवा जनावरांची प्रतिजैविके अंदाजाने टाकू नयेत. ती स्पंजमधील उपयुक्त जिवाणूही मारतात आणि दोन दिवसांत अमोनिया वाढून उरलेली पिल्ले जातात.

विक्रीसाठी वाढवणार असाल तर

या व्यवसायात नफा पिल्लांच्या जगण्यावर ठरतो. समजा १०० पिल्ले प्रत्येकी २० रुपयांनी घेतली, म्हणजे २,००० रुपये गेले. ९० जगली तर एका पिल्लाची खरेदी सुमारे २२ रुपयांना पडते. ६० जगली तर तीच ३३ रुपयांवर जाते. शिवाय मेलेल्या पिल्लांनी खाल्लेले खाद्य व वीज वेगळी. म्हणून पहिल्या वर्षी एक-दोन टाक्यांवर हात बसवावा. सलग तीन तुकड्यांत ८० टक्क्यांहून अधिक पिल्ले जगली, तर मग सिमेंटच्या टाक्या बांधाव्यात. विक्रीची बोलणी आधीच करावी. छत्रपती संभाजीनगरातील दुकानदारांना कोणत्या आकाराची, किती पिल्ले, किती दिवसांनी लागतात हे विचारून तेवढाच माल तयार करावा.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन युनिटसाठी ३ लाख रुपये, तर मध्यम युनिटसाठी ८ लाख रुपये प्रकल्प खर्च धरण्यात आला. सर्वसाधारण प्रवर्गाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. चालू वर्षातील उद्दिष्ट व अर्जाची मुदत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावी. अनुदान सहसा काम पूर्ण झाल्यावर मिळते, त्यामुळे त्याच्या भरवशावर कर्ज काढू नये.

नको असलेले मासे नदीत सोडू नका

एंजलने मोठे झाल्यावर सोबतचे लहान मासे खाल्ले किंवा ऑस्कर टाकीत मावेनासा झाला, की अनेक जण तो विहिरीत, अंजना नदीत किंवा जवळच्या धरणात सोडतात. हे कटाक्षाने टाळावे. टाकीतून बाहेर पडलेला सकर मासा आज उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि त्याला गिऱ्हाईक नसते. चिलापीनेही अनेक जलाशयांत देशी माशांची जागा घेतली आहे. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या पालकाला द्यावा. टाकीचे काढलेले पाणी मात्र वाया घालवू नये. मीठ किंवा औषध घातलेले नसेल, तर त्यातील नत्र परसातील भाजीपाल्याला उपयोगी पडते.

थोडक्यात

* आपल्या पाण्याला मानवणारी जात घ्या, जातीसाठी पाणी बदलू नका.
* टाकी ४ ते ६ आठवडे आधी तयार करा.
* पिल्ले सहा आठवडे वेगळी वाढवा, दिवसातून ४ वेळा थोडे खाद्य द्या.
* दर तिसऱ्या दिवशी २५ ते ३० टक्के मुरवलेले पाणी बदला.
* फवारणीचे हात, बादली व धूर टाकीपासून दूर ठेवा.
* वीज गेल्यावर चालणारा एअर पंप पिल्ले आणण्याआधी घ्या.